उकरून बघू का?

वांगं दिसतं, टोमॅटो दिसतो, कोबी तर शेतात मांडी ठोकून बसलेला लांबूनही दिसतो. कांदासुद्धा काढणी जवळ आली की मातीतून खांदे वर काढतो. बटाटा दिसत नाही. बेणं मातीआड झाल्यापासून काढणीपर्यंतचे तीन महिने खाली काय चाललं आहे, हे शेतकऱ्याला माहीत नसतं, कृषी सहायकाला नसतं, कर्ज देणाऱ्या सोसायटीला नसतं, आणि ज्याच्या दुकानातून उधारीवर बेणं उचललं त्या व्यापाऱ्यालाही नसतं. आता ज्या गोष्टीबद्दल कोणालाच काही माहीत नाही, तिच्याबद्दल मराठी माणूस गप्प बसेल हे शक्य आहे का? त्यामुळे बटाट्याच्या गावात बटाट्याहून मोठं पीक येतं ते अंदाजाचं. त्याला पाऊस लागत नाही, खत लागत नाही आणि त्यावर करपाही पडत नाही.

माझे मामा सातगाव पठारावर बटाटा करतात. पुण्याहून नाशिककडे निघालं, राजगुरुनगर मागे टाकलं आणि पेठ गाव आलं की आंबेगाव तालुक्याचा हा भाग लागतो. बहुतेक देश बटाटा थंडीत घेतो. उत्तर प्रदेश, पश्चिम बंगाल, बिहार ही बटाट्याची मोठी राज्यं, तिथली मंडळी दिवाळीच्या आगेमागे लावण करतात. पठारावरचे लोक मात्र मृगाचा पाऊस झाला की जूनमध्ये लावतात आणि घटस्थापनेच्या सुमाराला काढतात. पाणी वरून येईल तेवढंच. पाण्याला घाबरणारं पीक ऐन पावसाळ्यात घ्यायचं हा उद्योग बाहेरच्या माणसाला जुगार वाटतो. पठारावरच्या माणसालाही तो जुगारच वाटतो, पण हवा थंड, जमीन पाण्याचा निचरा करणारी, आणि त्या दिवसांत उत्तरेचा बटाटा महिनोन् महिने शीतगृहात बसून कंटाळलेला असतो. अशा वेळी पातळ सालीचा नवा बटाटा बाजारात नेला, तर भाव मिळतो. म्हणजे मिळू शकतो. निदान एका वर्षी मिळाला होता, आणि पुढची कित्येक वर्षं त्या एका वर्षाच्या आठवणीवर निघतात.

मामांचं रान दोन एकर. त्यातला एक बांध भावकीत वादाचा, म्हणून त्या बाजूची सरी कुठे संपते हेसुद्धा अंदाजानेच ठरतं.

पहिला अंदाज मंचरच्या बाजारात लागतो. बेणं येतं पंजाबातून, जालंधरच्या बाजूने, ट्रकच्या ट्रक. इतक्या लांबून का, तर तिथल्या मैदानात हिवाळ्याच्या सुरुवातीला मावा फार नसतो. मावा नाही म्हणजे तो पसरवतो ते विषाणूजन्य रोगही कमी, आणि बेणं निरोगी. पुष्करनाथ नावाच्या शास्त्रज्ञांनी ही युक्ती बसवून दिली, त्याआधी चांगलं बेणं हवं तर डोंगराकडे बघावं लागायचं. मामांना यातलं काही सांगायला गेलं की ते म्हणतात, "आरं, थंडीतनं आलेला माणूस असो का बटाटा, हितं आला की कामाला लागतो." शास्त्रज्ञांना एवढं सोपं लिहिता आलं असतं तर प्रबंध एका पानात आटोपले असते.

बेणं विकत घेताना फक्त गोणी दिसते. गोणीच्या तोंडाशी बसलेले बटाटे हे लग्नाच्या फोटोत पुढच्या खुर्च्यांवर बसवलेल्या मंडळींसारखे असतात: स्वच्छ, गोल, टुकटुकीत. मागे कोण उभं आहे ते घरी आल्यावर कळतं. म्हणून मामा दुकानात गोणीत कोपरापर्यंत हात घालतात, तळातला एक बटाटा ओढून काढतात, खिशातल्या चाकूने मधोमध कापतात, वास घेतात आणि तोंडाने "हं" एवढंच म्हणतात. या "हं"चा अर्थ काय याचा अंदाज दुकानदार करत बसतो. अखेर भाव ठरतो तो त्या दिवशी किती ट्रक आले त्यावर, पण "हं" म्हटल्याशिवाय कोणी बेणं उचलत नाही.

जातींची नावं सिमल्याहून येतात. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था 1949 साली पाटण्यात सुरू झाली आणि 1956 मध्ये सिमल्याला गेली. जवळच्या कुफरी गावाचं नाव तिने काढलेल्या जातींना लागतं: कुफरी ज्योती 1968 ची, कुफरी पुखराज 1998 ची, अशी पुष्कळ. पठारावर कुफरी कोणी म्हणत नाही. नुसती ज्योती, नुसता पुखराज. एकदा एस.टी.त माझ्या मागच्या बाकावर दोघे शेतकरी बोलत होते. "ज्योती दिसायला झ्याक होती रं, डोळंबी चांगलं. पर घरी आणली आन् चार दिसांत कळलं, आतनं नासलेली." दुसरा म्हणाला, "म्या तर सोडूनच दिली. यंदा पुखराज आणलाय." शेजारच्या सीटवरच्या बाई पुण्याच्या असाव्यात. त्यांनी पदर खांद्यावरून घट्ट ओढला आणि उठून कंडक्टरजवळ जाऊन बसल्या.

बेणं कापणं हा मामींचा प्रांत. ओसरीवर पोतं अंथरून चारपाच बायका बसतात आणि विळीवर बटाटा फिरतो. बटाटा हे मूळ नव्हे, खोड आहे. त्याचा डोळा म्हणजे कोंब फुटायची जागा. प्रत्येक फोडीला निदान दोन डोळे हवेत, आणि पानं येईपर्यंत कोंबाला पुरेल इतका गरही हवा. पुस्तकात फोडीचं वजन ग्रॅममध्ये दिलेलं असतं. मामींच्या तळहातात काटा आहे, त्यावर ग्रॅमचे आकडे नाहीत इतकंच. दरवर्षी मामा दारात उभे राहून म्हणतात, "एवढी मोठी फोड कशाला? बेणं काय फुकट आलंय?" आणि मामी वर न बघता म्हणतात, "मग तुम्हीच बसा की." मामा बसत नाहीत. ते बुरशीनाशकाची पूड फोडींना चोळायच्या कामाला लागतात, कारण त्या कामात डोळे मोजावे लागत नाहीत.

लावण झाली, उगवण झाली, सऱ्यांना मातीची भर दिली की महिनाभराने खरा हंगाम सुरू होतो. अंदाजाचा.

त्याची रीत अशी. पाहुणा येतो. चहा होतो. मग तो सहज म्हणतो, "चला, प्लॉट बघू." बांधावर उभा राहून तो आधी पाल्याकडे बघतो. पाला दांडगा दिसला तर म्हणतो, "पाल्यालाच लागलाय, खाली काही नसणार." पाला बारका दिसला तर म्हणतो, "पाल्यातच जोर नाही, खाली काय असणार?" इथवर काही बिघडत नाही. मग तो उकिडवा बसतो आणि ते वाक्य म्हणतो, ज्याला पठारावर कोणी नाही म्हणू शकत नाही: "उकरून बघू का?" उत्तराची वाट न बघता त्याची बोटं वरंब्यात गेलेली असतात. ठोंबाच्या बुडाशी चाचपून तो एक सुपारीएवढा बटाटा वर काढतो, धुतल्यासारखा अंगठ्याने पुसतो, आणि त्या एका बटाट्यावरून दोन एकरांचा हिशेब सांगतो.

पठारावर हिशेब एकरी किती टन असा नसतो. एका कट्ट्याला किती पिशव्या, असा असतो. पन्नास किलोचं बेणं टाकलं आणि पन्नास किलोच्या दहा पिशव्या निघाल्या तर एकास दहा. पाहुणा गंभीरपणे म्हणतो, "एकास आठ बसंल." दुसऱ्या दिवशी दुसरा पाहुणा, दुसरा ठोंब, एकास बारा. दोघांनी उकरलेले ठोंब मात्र सारखेच: मुळं उघडी पडलेली, मान टाकलेली. मामांच्या शेताची रस्त्याकडची सरी ही तालुक्यातली सगळ्यात जास्त तपासणी झालेली सरी असावी. मामांनी त्यावर उपायही काढला आहे. शेणखताची पाटी आधी त्या सरीला जाते. बाकीच्या रानाला जे उरेल ते. "लोकं हितंच उकरत्यात," ते मला समजावतात, "मग हितंच चांगलं दिसाया नको?" रस्त्याकडची सरी एकास पंधराच्या तोडीची आहे हे साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक आहे, आणि सोसायटीचा सचिवही तिथेच उकरतो.

फ्रान्समध्ये याच्या उलट झालं होतं. पार्मांतिए नावाचा एक औषधशास्त्रज्ञ सप्तवार्षिक युद्धात प्रशियाच्या कैदेत सापडला आणि तिथे त्याला बटाटे खावे लागले. सुटून आल्यावर, हे खाऊन माणूस मरत नाही हे पटवण्यात त्याचं आयुष्य गेलं, कारण फ्रेंच लोकांना बटाटा डुकरांचं खाणं वाटायचं. असं सांगतात, की त्याने पॅरिसजवळ साब्लोंच्या माळावर बटाटा लावला आणि दिवसा त्यावर शिपायांचा पहारा बसवला. रात्री पहारा मुद्दाम उठवायचा. एवढा पहारा आहे म्हणजे खाली काहीतरी मोलाचं असणार, असं वाटून लोकांनी रात्री येऊन उकरून नेलं आणि बटाटा फ्रान्सभर झाला. हे मी मामांना रंगवून सांगितलं. ते बराच वेळ विचार करून म्हणाले, "म्हंजे त्येला भावकी नव्हती."

पाहुण्यांचं सोडा, खुद्द घरात दोन पक्ष आहेत, आणि त्यांचं भांडण भेगेवरून होतं. बटाटा खाली फुगायला लागला की वरंब्याला बारीक भेगा पडतात. अंदाजाच्या धंद्यात हा एकच पुरावा जरा भरवशाचा. सकाळी मामा शेतात जातात, भेगेसमोर उभे राहतात, आणि एवढे खूश होतात की बिडी पेटवायची विसरतात. मागून मामी खुरपं घेऊन येतात आणि ती भेग बुजवतात. मामींचंच बरोबर असतं. भेगेतून ऊन आत गेलं की बटाटा हिरवा पडतो. भेगेतून पाकोळीही आत जाते आणि अंडी घालते, मग अळ्या बटाटा पोखरतात. ही पाकोळी काही पठाराची लेक नव्हे. 1906 च्या सुमाराला इटलीहून मागवलेल्या बेण्याबरोबर ती मुंबई इलाख्यात उतरली आणि तेव्हापासून आपल्याकडेच राहिली. मामांना हे सगळं मान्य आहे, फक्त भेग बुजली की बांधावर आलेल्यांना दाखवायचं काय, हा त्यांचा प्रश्न आहे. त्यामुळे रस्त्याकडच्या सरीतली एक भेग न बुजवण्याबद्दल दोघांत तह झालेला आहे.

एका गोष्टीबद्दल मात्र पठारावर कोणी अंदाज करत नाही. झड लागली, चार दिवस ऊन दिसलं नाही, सकाळी धुकं खाली बसलं, की लोक बोलायचे थांबतात. पानाच्या कडेला पाण्यात भिजल्यासारखा डाग दिसतो, तो काळा पडतो आणि आठवड्याच्या आत अख्खं रान उकडल्यासारखं होतं. हा उशिराचा करपा. 1845 पासून पुढची काही वर्षं याच रोगाने आयर्लंडचं पीक गेलं. तिथले गरीब लोक बटाट्यावरच जगत होते, धान्य मात्र देशाबाहेर जात राहिलं. दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि जवळपास तितकीच देश सोडून गेली. मामांनी आयर्लंड नकाशात पाहिलेलं नाही, पण धुकं उतरलं की ते पाठीवर पंप घेऊन निघतात आणि त्या दिवशी कोणी "उकरून बघू का" म्हणत नाही.

शहरातले पाहुणे हा वेगळा वर्ग. माझ्या सोसायटीतलं एक जोडपं एकदा बरोबर आलं होतं. बटाट्याची पांढरी फुलं पाहून बाईंनी इतके फोटो काढले की मामांना वाटलं विम्याची पाहणी चालली आहे. त्यांनी पीक किती गेलं ते सांगायला सुरुवात केली. पुढे एका उघड्या पडलेल्या हिरव्या बटाट्याकडे बोट दाखवून नवरा जाणकारपणे म्हणाला, "हा अजून कच्चा दिसतोय. पिकायला ठेवा." आंब्यावर पोसलेली बुद्धी असंच सांगणार. हिरवा बटाटा कच्चा नसतो, उन्हात जास्त शिकलेला असतो. त्यात सोलॅनिन वाढतं, तो कडू लागतो आणि पोटाला बाधतो. मामी हे समजावून सांगत होत्या, तेवढ्यात मामांनी हळूच विचारलं, "आन् किती दिस ठिवायचा म्हणता?" पाहुण्याचा अंदाज कोणता का असेना, तो पुरा ऐकून घ्यायचा हा मामांचा शिरस्ता.

काढणीआधी पाला कापून आठदहा दिवस रान तसंच सोडायचं, म्हणजे साल घट्ट होते. मग नांगर सरी फोडत जातो आणि मागून बायका पाट्या घेऊन वेचत जातात. तीन महिन्यांचे सगळे ज्योतिषी त्या दिवशी बांधावर हजर. पहिल्या सरीला (ती रस्त्याकडची) सगळे मान डोलावतात. मधल्या सऱ्यांना आवाज कमी होतो. संध्याकाळी पिशव्या मोजल्या जातात आणि आकडा येतो एकास नऊ. आता गंमत बघा. आठ म्हणणारा म्हणतो, "मी म्हणलंच होतं, आठनऊ." बारा म्हणणारा म्हणतो, "मी म्हणलंच होतं, पण त्या झडीनं तीन खाल्लं." आकडा उघड्यावर आला तरी एकही अंदाज चुकलेला नसतो. एवढी वर्षं बघतोय, पठारावर बटाट्याबाबत चुकलेला माणूस मला भेटलेला नाही.

बाजारात मात्र चित्र पालटतं. इथे बटाटा पहिल्यांदाच पुरता दिसतो आणि इथेच त्याच्याकडे कोणी नीट बघत नाही. आडत्यासमोर पिशवीचं तोंड उघडलं जातं, वरचे दोनचार बटाटे हातात घेतले जातात (वर कोणते ठेवायचे हे पंजाबकडून शिकण्यासारखं होतं, ते मामा शिकले आहेत), आणि भाव दहा किलोला किती म्हणून पुकारला जातो. नंतर पट्टी हातात येते. हमाली, तोलाई, गाडीभाडं, बारदान. पट्टी वाचताना मामा चष्मा लावत नाहीत. ते म्हणतात शेवटची ओळ तेवढी ठळक असते, वरच्या वाचून रक्तदाब वाढतो.

मध्ये एक वर्ष वेफर्सवाल्या कंपनीशी करार करून बघितला. भाव आधी ठरलेला, बेणं त्यांचं, अंदाजाला जागाच नाही. पण वेफर्सच्या बटाट्यात साखर कमी लागते, जास्त असली तर तळताना काप काळपट पडतात. म्हणून माल घेण्याआधी नमुना तपासतात, चकत्या तळून रंग बघतात. मामा नमुना देऊन बाकावर बसले होते. थोड्या वेळाने म्हणाले, "गड्या, बटाट्याची साखर तपासाया एवढी माणसं. माझी अजून कुणी तपासली न्हाय." तपासली तेव्हा दोघांपैकी बटाट्याची बरी निघाली. पुढच्या वर्षी करार झाला नाही, कारण पाहुण्यांना ते आवडलं नाही. आकडा आधीच ठरलेला असेल तर चहाला येऊन बोलायचं काय?

आणि हे सगळं कशासाठी, तर नवरात्रासाठी. नवा बटाटा बाजारात येतो तेव्हा अर्ध्या महाराष्ट्राचे नऊ दिवसांचे उपवास चालू असतात. मामींचेही असतात. त्यांच्या उपासाच्या ताटात एकदा मी डोकावलो: वरईचा भात, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची आमटी, साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचा लाडू, रताळ्याचा कीस, आणि सगळ्यात मिरची. बटाटा पेरूकडच्या डोंगरातला. शेंगदाणा, रताळं आणि साबुदाण्याचा कंद तिकडचेच. मिरची आणि राजगिराही अमेरिका खंडातले. हे सगळं कोलंबसानंतर जहाजांतून आपल्याकडे उतरलं. मी मामींना म्हणालो, "या ताटात वरईचा भात तेवढा आपला, बाकी सगळं परदेशी." मामी म्हणाल्या, "देवीला चालतंय ना? मग तुला काय करायचंय? वाढू का अजून?" पाचशे वर्षांपूर्वी आपले लोक उपासाला काय खात असतील याचा मला अंदाज नाही, पण उपास तेव्हा खराखुरा होत असावा अशी शंका आहे.

काढणीनंतर रानात राहिलेले बटाटे वेचायला पोरं येतात. तो सरवा. तरी एखादा निसटतोच. पुढे त्याच रानात ज्वारी पेरली जाते. गेल्या साली ज्वारी गुडघ्याला आली तेव्हा मधोमध एक बटाट्याचा ठोंब उभा होता. कोणी न लावलेला, न फवारलेला, न विचारलेला. मामांनी त्याला पाहिलं आणि चिडले. रानाला हजारांनी औषधं पाजली ती कशाला, असा त्यांचा सूर होता. पण उपटला नाही. ज्वारी कापायच्या वेळी मामींनी खुरप्याने तो ठोंब काढला, तेव्हा खाली मुठीएवढे सात बटाटे निघाले. एकाच फोडीला सात! संध्याकाळी मामींनी त्यांच्या काचऱ्या केल्या. मामांनी दोन वेळा मागून घेतल्या, बोटं चाटली, हात धुतला, आणि टॉवेलला पुसत म्हणाले, "बरा निघाला. पर माझा अंदाज नवाचा हुता."